पापडाचं बोलावनं

माहं माहेर नांदुऱ्याकडलं. म्हंजे नांदुरा नाई, तिथून बैलगाडीनं आत जायचं, पन कोनी इचारलं की आमी नांदुराच सांगो, काऊन की तिथं रेल्वे थांबे अन रेल्वेचं गाव म्हनलं की सोयरे जरा इज्जतीनं पाहत. बाप कापसाच्या जिनात कामाले, माय लोकायच्या वावरात. लगन होऊन उंद्रीले आली तवा इथलं काईच माहीत नोतं, सासू मात्र चांगली भेटली, तोंडानं फटकळ पन हातानं देनारी. काय सांगू तुमाले ताई, पयल्याच उन्हाळ्यात तिनं माह्या हातात पोळपाट-बेलनं दिलं अन म्हने जाय, इंदूच्या घरी पापड हायेत, लाटू लाग, नाईतं उद्या आपल्या घरी कोन येईन. इंदू म्हंजे माही चुलतजाऊ, भिंतीले भिंत लागून घर.

आमच्याकडं पापडाची रीत अशी, की घरची बाई दारोदार जाते अन बोलावनं देते, आमच्या घरी पापड हायेत, पोळपाट घेऊन ये. बाईच जाते, मानूस कधी जात नाई. आज तुमी माह्या घरी लाटले तं परवा मी तुमच्या घरी लाटीन, मजुरी नाई काई नाई, वर तेलातली लाटी खायाले भेटते अन गावातल्या साऱ्या बातम्या. माहा हात लय चालता होता. इंदू म्हने, गया, तुहा पापड इतका पातळ व, आरपार सासू दिसते. अशी मस्करी चाले.

मंग पोरगा झाल्यावर हे दुखनं लागलं. सकाळी उठलं की मूठ वळे ना. वाटलं बाळंतपनाचा वारा शिरला असन, शेकलं, तेल चोळलं, कोनी सांगतला तो पाला बांधला. मनगटं सुजली, मंग गुडघे. चिखलीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं अन म्हने, बाई, हा आमवात आहे, हा जाईन असं मी म्हननार नाई, गोळ्या घेत राहा, दबून राहीन. म्या इचारलं कधीपर्यंत? तो म्हने कायमच. मी एसटीत बसून रडली, बुढा म्हने, रडू नोको व, कंडक्टर पाहून राह्यला. बुढा म्हंजे आमचे हे, तवा बुढे नोते, पन आता तेच नाव तोंडात बसलं.

तवापासून आजलोक गोळ्या चालू हायेत. पोरगा मोठा झाला, त्याचं लगन झालं, अन माही बोटं हळूहळू एका अंगाले वळत गेली, वाऱ्यानं ज्वारी लवते तशी. पयले बेलनं सुटलं. बेलनं सुटलं तं इंदूकडं जानं बंद, अन जानं बंद तं बोलावनंही बंद. ज्याच्या घरी आपल्याच्यानं जानं होत नाई त्याले आपल्या घरी कोन्या तोंडानं बोलवावं? बाया यायच्या, इचारायच्या, कसं काय व गया, अन मी हात पदराखाली घेऊन म्हनो, बरं आहे. बरं आहे बरं आहे म्हनून म्हनून लोकायले वाटलं खरंच बरं आहे, नाईतं हिले कोनी आलेलं आवडत नाई. येनं कमी झालं. दुकानातले पापड आनो अन बुढ्याले म्हनो, चांगले हायेत. चांगले काय नोते.

सारं बुढाच करे. भाकर थापे, मले पातळ नेसवे, वेणी घाले. वेणी तं अशी घाले की बैलाचं दावं वळून राह्यला. मानूस लय लाजाळू, चार लोकात तोंड उघडत नाई, पन माह्यासाठी त्यानं काई बाकी ठेवलं नाई अन कधी चिडलाही नाई. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हनलं नाई, तुमाले सांगून राह्यली.

मांगच्या उन्हाळ्यात तो ओसरीवरून घसरला अन उजवा हात मोडला. पलस्तर. आता दोघायत मिळून एक डावा हात. पोरगा पुन्याले कंपनीत, त्याचा फोन आला, घराले कुलूप लाव, दोघंही इकडं या, मी रविवारी गाडी घेऊन येतो. सून चांगली आहे, खोटं काऊन बोलू, पन मी तिथं राहून पाह्यलं आहे, सकाळी ते कामाले गेले की मी अन टीव्ही. मले मालूम होतं, या बारीनं गेली तं हे घर पुन्हा उघडायची नाई. उंद्रीतच राहायचं तं कोनाचा तरी हात लागन, अन हात पाहिजे तं मागावा लागन. बुढा म्हने, इंदूले हाक मार न, मधात भिंतच तं आहे. म्या म्हनलं, जीव गेला तरी मागनार नाई. दुखनं सोसलं ताई, मागनं सोसवत नोतं.

मंग मले एक अक्कल सुचली. पापडाचं बोलावनं द्यावं, बाया आल्या की लाटता लाटता हळूच सांगून टाकू. पन बोलावनं देनार कोन? माहे गुडघे त्या दिशी उठूच देत नोते. म्हनून बुढ्याले धाडलं. इथंच चुकलं.

एका हातानं रुमाल बांधता येत नाई म्हनून तो बोडक्या डोक्यानं गेला. आंघोळही राह्यली होती. अन पापड हा शब्द बायायसमोर त्याच्या तोंडून निघे ना. दारात उभा राहे, मान खाली घाले अन म्हने, घराकडं या, हिच्यासाठी या. की चालला पुढच्या दारी. आता तुमीच सांगा, सकाळची वेळ, बोडका मानूस, आंघोळ नाई, दारोदार म्हनून राह्यला घराकडं या, अन त्याची बायको इतके वर्सं बिमार. लोकायनं काय समजावं? गावात मानूस असं सांगत फिरला तं त्याचा एकच अर्थ असते.

इकडं मी आंगनात खाटेवर, मोकळे केस, दोन्ही तळहातात चहाचा कप धरलेला, बायायची वाट पाहून राह्यली. तं गल्लीतून रडनं आलं. म्या म्हनलं, कोन गेलं बाप्पा? आवाज इंदूचा. आमच्या बाया रडतात तं बोलून रडतात, हेल काढून, गेलेल्या मानसाले समोर बसवल्यावानी इचारतात. इंदू म्हनून राह्यली, गया व माय, भिंतीले भिंत होती व, एकदा हाक मारायची होती व, आमाले परकं केलं व, आमचे हात काय झडले होते व. माहंच नाव! पयले अंगावर काटा आला, मंग समजलं, मंग मलेच रडू फुटलं, कारन ती खरं बोलून राह्यली होती. जित्त्या मानसाले असं कोनी सांगत नाई.

ती दारातून शिरली अन मले पाह्यलं. तोंड उघडंच, हेल अर्ध्यात राह्यला. तिच्या मांगं गल्लीतल्या बाया, त्यायत शमीमबी, कोपऱ्यावरची शिलाईवाली, तिनं छातीवर हात ठेवला अन म्हने, या अल्ला, ये तो चाय पी रही है. मांगून इंदूचा मालक चितेसाठी गोवऱ्यायचं टोपलं डोक्यावर घेऊन आलता, तो तसाच उभा, खाली ठेवू का माघारी नेऊ. अन साऱ्यायच्या मांगं आमचा बुढा, मान खाली, म्हने, पापड हायेत असं सांगायचं होतं.

शमीमबी हासली, तिचं पाहून साऱ्याच हासल्या. इंदू हासली नाई, ती चिडली. डोळे पुसत म्हने, मेली नाईस तं बोलावलं कायले? पापडासाठी?

म्या पदराखालून हात काढले अन साऱ्यायसमोर धरले. म्हनलं, पापडासाठी नाई. माह्याच्यानं वेणी होत नाई, भाकर होत नाई, याचाही हात मोडला, पोरगा रविवारी न्यायले येऊन राह्यला अन मले जायचं नाई. मले तुमचे हात पाहिजे. अन तुमच्या घरी लाटायले मी येऊ शकनार नाई, हेही आधीच सांगते. एवढं बोलली अन पायलीभर दळन दळल्यावानी दम लागला.

इंदू तडक आत गेली, तेल-कंगवा आनला, माह्या मांगं बसली अन केस ओढले, रागानं, चांगले ओढले. म्हने, सरळ बस. नाकातलं तिचं सूं सूं अजून चालूच होतं. शमीमबी म्हने, भाकर मी टाकते, माह्या हातची चालन ना व? म्हनलं, चालन काय इचारता, धावन. इंदूच्या मालकानं गोवऱ्या तिथंच चुलीजवळ रित्या केल्या.

रविवारी पोरगा आला तं आंगनभर पापड वाळू घातलेले. रिकाम्या गाडीनं गेला. रागावला नाई, पन तोंड उतरलं होतं त्याचं, वाटलं असन मायनं गाव धरलं अन मले सोडलं. त्याले फोन करते मी, समजावते.

आता सारं गोड झालं असं नाई ताई. गोळ्या हायेत, चिखलीची चक्कर आहे, पेरनीच्या दिवसायत दुपारलोक कोनी फिरकत नाई. नळावर एकजन म्हने, गयाले फुकटचे नौकर भेटले. ते मले लागलं, लय लागलं. बुढ्याचा हात जुळला पन त्यात पयलेवानी जोर नाई. अन मागनं अजूनही जड जाते, रोज जीभ अडते. आजच, तुमी यायच्या आधी, म्या हाक मारली, इंदू, ये व. ती तिकडून ओरडली, भाकर तव्यावर आहे, एवढ्यात मरत नाईस, थांब. थांबली मी, मोकळ्या केसानं.

तुमचे हात चालते राहो, ताई. माहं दुखनं माह्यासंगंच जाईन, ते म्या मानलं. जाईन तवा इंदू येईनच रडायले. पन एकदा हाक मारायची होती, असं तिले आता म्हनता येनार नाई. रडायले दुसरं काई शोधा लागन तिले.