पेणकरपाड्याला मी पाठवलेली गिऱ्हाइकं

नाही, पण मला सांगा, मिरची कुटणाऱ्या माणसाला फीचर कशाला हवंय? भाईंदरच्या केबिन रोडला बावीस वर्षं माझं मसाला कांडप आहे, समोरून जाणारा माणूस शिंकला की समजायचं धाकूशेठची मशीन चालू आहे, याच्याहून मोठी जाहिरात असते का हो?... पण नाही! आमची पुतणी मिनल मार्केटिंगचा कोर्स करून आली, आणि तेव्हापासून दुकानात पाय ठेवला की तेच, "काका, नवीन फीचर आलंय."

तुम्हाला सांगतो, आधी म्हणाली दुकानाचे फोटो ऑनलाइन टाकू. टाकले. आठ दिवसांनी म्हणे फोटो आता कोणी बघत नाही, व्हिडिओ हवेत. बरं, व्हिडिओ. मग म्हणे एवढे मोठे नको, छोटे करा, छोटे केले तर आता मोठेच चालतात, नवीन फीचर आलंय. मी बेडगी मिरची हातात धरून उभा, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ही समोरून सांगतेय नॅचरल हसा. अगं, मिरचीसमोर नॅचरल काय होतं ते दिसतंय ना तुला? एवढं करून गिऱ्हाईक किती आलं? एक. तो पण स्टेशनचा रस्ता विचारायला.

मग म्हणाली कॉम्पिटिशनचा अभ्यास करा. आमची कॉम्पिटिशन म्हणजे पेणकरपाड्याचा धर्मेश. इथलाच पिढीजात माणूस, आजोबांचं मिठागर होतं, याने घराखालीच कांडप टाकलंय आणि त्याची मुलगी चांदणी व्हिडिओ टाकते. बसलो अभ्यासाला. आता मला सांगा, कोणी मन लावून काहीतरी दाखवलं, आपण ते शेवटपर्यंत बघितलं, आणि एक अक्षर न बोलता उठून जायचं? आमच्या रत्नागिरीत असं कोणी करत नाही हो. कोणाकडे घोटभर चहा प्यायला तरी माणूस 'येतो' म्हणून उठतो. तसा मी प्रत्येक व्हिडिओखाली तो लाल बदाम दाबला. बघितल्याची पोच, दुसरं काय? एकशे चाळीस व्हिडिओ, एकशे चाळीस बदाम.

आणि नेमकं तेव्हाच... हो, नवीन फीचर आलं! आता म्हणे तुम्ही बदाम दिलेला व्हिडिओ तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना जाऊन दिसतो, आणि कोपऱ्यात तुमचा फोटो. म्हणजे धर्मेशच्या मिरचीवर माझं थोबाड!

मला कुठे माहीत? एप्रिल उजाडला, वर्षाचा मसाला करायचे दिवस, हे दोन महिने चालले तर आमचं वर्ष चालतं, आणि माझी मशीन गप्प. रांग सोडा, चौकशीला माणूस नाही. शेवटी सावित्रीवहिनींना फोन लावला. भाईंदरला आल्यापासूनचं गिऱ्हाईक, दरवर्षी दहा किलो, मशीनसमोर स्टूल टाकून बसणार आणि आपली मिरची दुसरीच्या मिरचीत जाईल म्हणून पापणी हलवणार नाही. म्हटलं, वहिनी, यंदा मसाला नाही?

तर म्हणाल्या, "भावजी, झाला की. तुम्हीच नाही का पेणकरपाड्याचं पसंत केलंत? तुमच्या शब्दावर गेलो आम्ही सगळ्या. म्हटलं, भावजी आता दमले असतील."

राग यायला पाहिजे, तर मीच त्यांना 'बरं केलंत' म्हणालो. बावीस वर्षांत एवढा विश्वास कोणी बोलून दाखवला नव्हता, आणि दाखवला तो माझं दुकान रिकामं करून.

मिनलला सांगितलं तर ती नाचायचीच बाकी. म्हणे काका, तुम्ही तर इन्फ्लुएन्सर निघालात. म्हटलं, कोणाचा?

तसाच रिक्षा पकडून गेलो पेणकरपाड्याला. म्हटलं सरळ सांगायचं, बाबा धर्मेश, आता तू माझ्या व्हिडिओंना बदाम दे, फिट्टंफाट. तर तो हात जोडून उभा, "दादा, मी फोन बघतच न्हाय. पन तुमचं उपकार हाय, एवढी गर्दी आजवर न्हवती." आणि चहा सांगितला. भांडायला गेलेल्या माणसाच्या हातात कप दिला की संपलं हो! तेवढ्यात रांगेतल्या बायकांनी मला ओळखलं, सगळ्या माझ्याच. एक म्हणते मिरची नीट भाजलीय का बघा, दुसरी म्हणते माझे धणे बघा. बघितले. कच्चे होते, सांगितलं. आपल्या माणसाचा मसाला वर्षभर बिघडू द्यायचा का? दोन तास उभा होतो मी तिथे, हात लाल, आणि समोर चांदणी फोन धरून.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ आला. 'केबिन रोडचे धाकूशेठसुद्धा मसाल्याला इथेच!' आणि तो आमच्या दुकानाच्या नावाने पण दिसतोय. मिनल म्हणाली, दोघांनी मिळून टाकायचं नवीन फीचर आलंय, पण त्याला आधी तुमची परवानगी लागते, काका, तुम्ही दिलीत?... आता फोनवर काहीतरी विचारणा आली होती खरी. कोणी एवढ्या अगत्याने विचारतंय, तर नाही कशाला म्हणायचं? हो दाबलं.

चार हजार लोकांनी बदाम दिलाय त्याला. मी पण बसून बघितला, अगदी शेवटपर्यंत... आणि बघितल्यावर काय, तसंच उठायचं? चार हजार एक.