मोडलेलं पाटावर ठेवा

काकी, सचिनशेठ, कारखान्यातली माझी माणसं आणि अष्टमीकर मंडळी,

तुम्ही सगळे मोहनकाकांसाठी आलात. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मग वाटलं, ज्यांनी आम्हाला तोंड उघडायला शिकवलं, त्यांच्याच शोकसभेत मी गप्प बसले तर ते मला काय म्हणाले असते?

एका प्रश्नाने सुरुवात करते. त्याचं उत्तर मला येत नाही. जो माणूस रोज आम्हाला सांगायचा, “मोडलं तर लपवू नका, पुढ्यात आणून ठेवा,” त्या माणसाने स्वतःच्या छातीतलं दुखणं आमच्यापासून का लपवलं?

आणि हो, माझ्या हाताला पांढरा रंग लागलाय. घासूनही निघाला नाही. त्याचं शेवटी सांगते.

या अष्टमी गावात तुम्हा सगळ्यांना काका शेजारी म्हणून माहीत. सकाळची एसटी धरून पेणला जाणारे, संध्याकाळी पुलावरून पिशवी हलवत परत येणारे. ते तिकडे दिवसभर काय करत, ते मी सांगते.

मी प्रतीक्षा. धरमतरच्या खाडीकडची. आईबाबांनी मिठागरावर काम केलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात तयार मूर्ती तपासून गाडीत चढवायचं काम मी बघते. काका आमचे मुकादम. सगळा कारखाना त्यांच्या शब्दावर चालायचा.

मी नवीन असताना त्यांनी मला विचारलं, “शिकलीस ना गो? मग सांग, आमच्याकडं मोडलेला हात जातो कुठं?”

लगेच स्वतःच म्हणाले, “चिकटवतात. वर रंग देतात. आनी सगळे म्हनतात, मला ठाव नाय.”

मंडळी, मूर्ती भंगली की तिची पूजा होत नाही, हे आपण सगळे जाणतो. ती कुणाच्या तरी घरी बसणार असते. आरती चालू असताना त्या गणपतीचं बोट गळून पडलं, तर त्या घरातली आजी काय धसका घेईल? पुढे वर्षभर घरात काही वाईट झालं की तिला तेच बोट आठवेल. आणि आमच्याकडे कुणालाच काही ठाव नाय!

मी सुचवलं, प्रत्येक टेबलावर नावं लिहू. कुणाकडून मोडलं ते लगेच कळेल. काका म्हणाले, “तुला पकडायचंय. मला त्यांनी सांगायला हवंय.” आणि त्यांनी कारखान्याच्या मधोमध एक पाट मांडला. ज्याच्या हातून मोडेल, त्याने मूर्ती तिथे आणून ठेवायची आणि मोठ्याने म्हणायचं, माझ्या हातून मोडली.

आमच्या जनाबाई, मूर्ती घासून गुळगुळीत करणाऱ्या, त्या ओरडल्याच. “फुटक्याला पाट? अपशकुन हाय तो!” काका म्हणाले, “त्यालापन आपनच घडवलाय, जनाबाई.”

झालं काय? पाट रिकामाच राहिला. मग जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच्यावर मूर्ती दिसायला लागल्या, पण ठेवणारा कोण ते कुणी सांगेना. मी विचारलं तर जनाबाई म्हणाल्या, “भूत ठेवतंय गो. आनी हिकडं भूतपन कबूल नाय करनार.”

तेव्हा मी काकांना म्हटलं, जो सांगेल त्याला पहिला चहा देऊ. मालक सचिनशेठच्या आधी, काका, तुमच्याही आधी. काका खूप हसले. “कपभर चहासाठी कोन इज्जत घालवील?”

पण हसून विसरणारा माणूस नव्हता तो. थोड्याच दिवसांत साच्यातून काढताना त्यांच्याच हातून एका मूर्तीची सोंड तुटली. खरंच तुटली, मुद्दाम नाही. सगळा कारखाना बघत होता. काकांनी मूर्ती उचलली, पाटावर ठेवली आणि म्हणाले, “माझ्या हातून मोडली.” मी किटली घेऊन गेले आणि पहिला कप त्यांना दिला. मग जनाबाई म्हणाल्या, “काका, चहासाठीच मोडलात काय?”

असं हसलो आम्ही! त्या दिवशी आमचा कारखाना बदलला.

पण चहा म्हणजे माफी नव्हे. काकांनी त्यात भर घातली. कप रिकामा झाला की दोन गोष्टी करायच्या. ज्याचं नुकसान होणार, त्याला आपण स्वतः सांगायचं. आणि तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून कारखान्यात काहीतरी बदलायचं. “नुसतं चुकलं म्हनून काय उपयोग? काय बदलतंस ते सांग.”

वैशाली इथे बसली आहे. तिला विचारून सांगते. एकदा गाडी भरून निघाली आणि वैशाली रंगाचा ब्रश हातात तसाच धरून धावत आली. “ताई, गाडी थांबवा. एकाचं बोट मी चिकटवलंय.” रामवाडीला हायवेच्या तोंडाशी आम्ही गाडी गाठली. सगळा माल उतरवला. ड्रायव्हर म्हणाला, “एका बोटासाठी? देवालापन घाई नसेल एवढी!” सगळे वैतागले होते. ऊन होतं. मूर्ती सापडली. काका म्हणाले, “आधी तिला चहा.”

वैशालीने चहा संपवला. मग तिने स्वतः गिऱ्हाइकाला फोन केला. काका बाजूला बसून होते. फोन त्यांनी हातात घेतला नाही, तिलाच बोलू दिलं. नंतर विचारलं, बोट तुटलं कसं? तर मागून जाणाऱ्याचा धक्का लागला. वाट अरुंद. दुसऱ्या दिवशी त्यांनी मांडणी सरकवली. त्या जागी पुन्हा कधी कुणाला धक्का लागला नाही. वैशाली आज रंगकाम सांभाळते, आणि नवीन मुलींना पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते. स्वतःची.

आता काका नाहीत. त्या सकाळी ते एसटीला निघाले आणि आपल्या या पुलावरच खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. काकींकडून नंतर कळलं, डॉक्टरांनी आधीच विश्रांती सांगितली होती. काका म्हणाले होते, “सीझन आटपू दे. पेनला कुनाला बोलू नको.” आम्ही विचारलं की आम्हाला सांगायचे, “ॲसिडिटी हाय गो.” आणि आम्ही मान डोलवायचो.

ते गेल्यावर पाट पुन्हा रिकामा झाला. मला वाटलं, दुःख आहे, राहू दे. मग प्लास्टरच्या गोणीमागे मला एक तुटका हात सापडला. मूर्तीचा छोटासा हात, आशीर्वादाचा. खरं सांगते, काका गेल्याची बातमी आली तेव्हा रडले त्याहून जास्त मी तेव्हा रडले. वाटलं, एवढ्यात संपलं?

मी तो हात पाटावर ठेवला. शेजारी चहाचा कप ठेवला. चहावर साय धरली. मग जनाबाई उठल्या. “माझा हाय. पन काका नाय, आता सांगू कुनाला?”

मंडळी, मला तिथे कळलं की आमचं कुठे कच्चं राहिलं होतं. आम्ही काकांना सांगत होतो. एकमेकींना नाही. मी जनाबाईंना म्हटलं, मला सांगा. वैशालीला सांगा. आम्ही आहोत ना? त्यांनी तो थंड चहा घेतला आणि म्हणाल्या, “व्हय. पन दुसऱ्या खेपेला गरम दे.” त्यानंतर पाट रिकामा राहिलेला नाही. काकी, एवढं मी तुम्हाला खात्रीने सांगते.

आता जे सांगते ते काकांबद्दलच्या आदराने सांगते, काकींना विचारून सांगते. काकांची चूक झाली. मूर्तीला गेलेला तडा त्यांनी आम्हाला सांगायला लावला, स्वतःच्या आत गेलेला झाकला. त्यांच्याच नियमाने ही चूक पाटावर यायला हवी. आणि त्यांच्याच नियमाने मी स्वतःला विचारलं, मग काय बदलतेस?

आमच्या कारखान्याच्या दारावर एक पाटी आहे. लाल पाटीवर पिवळी अक्षरं. ‘सीझनमध्ये सुट्टी मागू नये.’ सचिनशेठ, ती तुमच्या वडिलांच्या वेळची. दरवर्षी काकाच ती नव्याने रंगवायचे. काय सुंदर अक्षर होतं त्यांचं! तीच अक्षरं वाचत ते रोज सकाळी आत यायचे. छातीत दुखत असताना सुद्धा. त्यांनी का लपवलं ते मला खरंच माहीत नाही. पण त्या पाटीखालून जाताना मी सुद्धा कधी सांगितलं नसतं.

आता आपण सगळे काकांसाठी उभे राहू, काही क्षण शांत राहू. त्याआधी एवढंच.

शेठ, आज सकाळी इथे यायला निघण्याआधी मी शिडी लावली आणि ती पाटी पांढऱ्या रंगाने पुसून टाकली. तुम्हाला विचारलं नाही. मला कुणी तसं करायला सांगितलंही नाही. माझ्या हातून झालंय.

रागवायचं असेल तर जरूर रागवा. पण आधी चहा.