आईची टोपी

किल्ला बघायला गेलेली सहलीची बोट धक्क्याला परत लागली, तेव्हा तिकिटाच्या रांगेतले आजोबा पुस्तकात डोकं खुपसून उभे होते. पण मागचं भांडण कानांत शिरलंच.

“अहो मॅनेजर, आमची आई किल्ल्यावरच राहिली!”

“ताई, निघण्याआधी मी टोप्या मोजल्या. सगळ्या पिवळ्या टोप्या भरल्या.”

“सहलीला टोप्या आणल्यात की माणसं?”

“एवढ्या गर्दीत प्रत्येकाचं तोंड कुठे बघत बसू? दुसरी बोट पाठवतोय ना!”

“पाठवताय म्हणे! दादा, तू का मूग गिळून बसलास? एक टोपी डोक्यावर, मग हातातली कुणाची?”

“आईची. तिला उकडत होतं. म्हणाली, सावलीत जरा टेकते, निघताना हाक मार.”

“मग मारलीस?”

“अगं, घाई चालली होती. हे म्हणाले, टोप्या वर करा...”

“आणि?”

“मी दोन्ही वर केल्या.”

आजोबांनी पुस्तक मिटलं. समोर समुद्रात किल्ला अंगठ्याएवढा दिसत होता.

“मग आता मार हाक! इथून मार!”

“अगं, लोक बघताहेत.”

“मार म्हणते ना!”

“आई...”

“मोठ्याने!”