मागची रांग

फिजीतल्या सुवा शहराच्या विद्यापीठात नवं संगीत सभागृह उभं राहिलं होतं. तिथली दिव्यांची सगळी आखणी आपिसाईची. तालमीच्या सुट्टीत तो चहाच्या रांगेत उभा होता. पुढे गायकवृंदातल्या दोघी बोलत होत्या.

"लोसालिनी, उद्या कार्यक्रमाला लेक येणार ना गं?"

"येईल. अंधार झाला की मागच्या रांगेत बसेन, म्हणाली. शेवटच्या गाण्याआधी निघून जाईन."

"तुला न भेटता?"

"बाप पहिल्या रांगेत असणार. चार वर्षं झाली, घरात तिचं नाव काढू देत नाही."

"मग गाता गाता बघून घे."

"काय बघू, कपाळ? डोळ्यांवर एवढा झोत आणि समोर नुसता काळोख! जुन्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावरचं पोरसुद्धा दिसायचं."

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या आधीच्या गाण्याला आपिसाईने दिवे चालवणाऱ्या मुलाला प्रेक्षकांवरचे दिवे हळूहळू वाढवायला सांगितले.

"सर, आराखड्यात तर पूर्ण अंधार आहे!"

"आराखडा माझाच आहे. वाढव."

सगळे गात होते. लोसालिनी तेवढी गायची थांबून मागच्या रांगेकडे बघत होती. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं आणि मिटलं. मग तिने पुन्हा सूर धरला.