दिनेशचा फोटो त्याच पानावर

पुढे या, जागा आहे. दाराशी उभं राहू नका. सगळ्यांना जय भीम.

विलासची बायको सुजाता म्हणाली, रंजनाताई, तुम्ही बोला, माझ्याच्यानं होणार नाही. माझ्याच्यानंही होत नाहीये. तोंड उघडलं की आधी शिवी येते. ती गिळते आणि बोलते. एखादी निसटलीच तर पहिल्या रांगेत बसलेल्या विलासच्या आईंनी मला माफ करावं. बाकीच्यांची माफी मी मागत नाही.

विलास गेला, असं सगळे म्हणतायत. गेला नाही. मारला त्याला. गेल्या आठवड्यात भर दुपारी पेट्रोल पंपावर गाडीत गॅस भरायला थांबला होता. एकानं पिस्तूल काढलं, किल्ली मागितली. विलासनं किल्ली दिली. कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतं, हात लांब करून दिली. तरी त्या माणसानं तोंडावर गोळी घातली. गाडी नेलीसुद्धा नाही. किल्ली तिथेच टाकून पळाला.

मला काल कुणीतरी मेसेज केला, आलेली वेळ टळत नाही. अहो, वेळ नव्हती आली. माणूस आला होता, हातात पिस्तूल घेऊन. त्याला माणूसच म्हणा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना विलास म्हणजे जयंतीला माइक लावणारा, खुर्च्या उचलणारा, मॉरिसव्हिलमध्ये कुणाचा लॅपटॉप बिघडला की धावत येणारा. नोकरी टेस्टिंगची. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा पगार घेतो, असं स्वतःच सांगायचा. मी पाठ्यपुस्तकांची पानं लावते. म्हणून आईंचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा तो माझ्याकडे आला. आई गावाहून इथे अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या. त्या बोलायच्या, हा टाइप करायचा. मध्येच उठून बाथरूममध्ये जायचा, नळ सोडायचा. आई थांबून राहायच्या.

काय सांगायच्या आई? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी बोलते. सभ्य शब्दांत नाही बोलणार.

विलासचा मोठा भाऊ दिनेश. त्यानं मोटारसायकल घेतली. गावात रिवाज असा की पाटलाच्या आळीतून आपल्या माणसानं गाडीवरून उतरायचं आणि ढकलत न्यायची. दिनेश उतरला नाही. बसून गेला, हॉर्न वाजवत गेला. संध्याकाळी ते आले. आधी गाडी फोडली. मग त्याला फरफटत अंगणात आणला. लोखंडी गज होते, कुऱ्हाड होती. आई मध्ये पडल्या, तर त्यांचा उजवा हात कोपरापासून मोडला. तो हात आजही वर जात नाही, तुम्ही बघताच. विलास गोठ्यात कडब्यामागे होता. त्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. दिनेश आधी ओरडत होता, मग नव्हता ओरडत, आणि मारणं तरी चालूच होतं.

सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पोलीस म्हणाले, बाई, चादर ओढा. आईंनी तालुक्याच्या स्टुडिओतला फोटोग्राफर बोलावून आणला आणि चादर खाली केली. म्हणाल्या, "माह्या पोराचं तोंड कायले झाकता? त्याईनं काय केलं ते दिसू द्या लोकायले." तो फोटो. त्या एका फोटोसाठी हे पुस्तक.

आता पानं लावण्याबद्दल थोडं ऐकून घ्या. कंटाळा आला तरी ऐका. पुस्तक आम्ही लेटेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये लावत होतो. त्यात चित्र हातानं उचलून ठेवता येत नाही. हुकूम लिहायचा, आणि सिस्टिम ठरवते जागा आहे की नाही. आईंचं वाक्य जिथे आहे, चादर खाली केल्याचं, त्याच्या खालीच फोटो हवा होता. विलासनं लिहिलं, इथे. सिस्टिम म्हणाली, इथे जागा नाही, पुढे जा. फोटो पुढच्या पानावरही मावेना, अजून पुढे गेला. आणि एक चित्र अडलं की मागची सगळी त्याच्या मागे रांगेत उभी राहतात. घर, मोडकी गाडी, कोर्टाच्या पायऱ्या, सगळं जाऊन पडलं प्रकरणाच्या शेवटी.

मी त्याला म्हटलं, अरे, हिअरचा स्मॉल एच लिहिलास, त्याचा अर्थ इथे, जमलं तर. कॅपिटल एच लिही, म्हणजे इथेच. हसला. म्हणाला, "बघा ताई, आपल्याकडे एक च लावला की काम होतं, इथेच. यांना अक्षर मोठं करावं लागतं." केलं कॅपिटल. मग फोटो रांगेतून सुटला, पण वाक्याखालचं अर्धं पान कोरं राहिलं आणि फोटो पलीकडच्या पानावर. मी म्हटलं, थोडा लहान कर. तेव्हा मात्र माझ्यावर डाफरला. "दिनेशला लहान करणार नाही. त्यांनी केला तेवढा पुरे." नंतर चहा घेऊन आला माझ्यासाठी.

तिथेच आमचं अडलं होतं. आणि मग त्याला मारलं.

फ्युनरल होममधला माणूस भला होता. हळू आवाजात म्हणाला, चेहऱ्याची अवस्था बरी नाही, फॅमिलीनं पाहू नये, शवपेटी क्लोज्ड ठेवू. आपल्यातलेही चार जण म्हणाले, तेच बरं. आईंनी मला विचारलं, काय म्हणते तो? मी सांगितलं. म्हणाल्या, "एकाचं पाह्यलं, याचंही पाहीन. लहानपणी धुतलं कोनं ते तोंड? मीनंच ना?" उघडली त्यांनी. आईंनी डाव्या हातानं त्याचे केस मागे सारले आणि बघत राहिल्या. मी शेजारी उभी होते. मीही पाहिलं. चार जण बाहेर पार्किंग लॉटमध्ये होते.

त्यानंतर दोन दिवसांनी देवरावकाकांचा फोन आला. काका, तुम्ही मंडळाचे अध्यक्ष आहात, मी तुमचा मान ठेवते, म्हणूनच तुमच्या समोर बोलते, पाठीमागे नाही. तुम्ही म्हणालात, "रंजना, वातावरण नाजूक आहे. पुस्तक लायब्ररीत जाईल, मुलं बघतील. तो फोटो परिशिष्टात टाकू शेवटी. ज्याला बघायचा तो बघेल." काका, तुम्ही प्रेमानंच बोललात. पण आयुष्यभर आपल्याला काय सांगितलं लोकांनी? इथे जागा नाही, मागे जा. गावाच्या शेवटी राहा, पंगतीच्या शेवटी बसा. आता पुस्तकाच्याही शेवटी?

मी फोन ठेवला आणि विलासच्या घरी गेले. विलासची फाइल ओपन केली. अशा वेळी एकच उपाय असतो, एकेक तुकडा तात्पुरता झाकायचा आणि बघायचं, कशामुळे अडतंय. मी आईंचे पॅराग्राफ झाकले नाहीत. बाकीचं झाकत गेले. प्रकरणाच्या सुरुवातीला एक चौकट होती, जाड रेघांची. ती झाकली, मजकूर वर सरकला, आणि फोटो आला. आईंच्या वाक्याच्या खाली, पूर्ण मापाचा, जिथे पाहिजे होता तिथे.

काय होतं त्या चौकटीत? आपल्या मंडळाचं निवेदन. या प्रकरणातील वर्णनानं कोणत्याही समाजाच्या भावना दुखावण्याचा मंडळाचा हेतू नाही, वगैरे वगैरे. मीटिंगमध्ये आपण सगळ्यांनी पास केलेलं. पानाचा तिसरा हिस्सा खाऊन बसलं होतं ते. आणि आम्ही दोघं काय म्हणत होतो? फोटो मोठा आहे. फोटो हट्टी आहे. चुका शोधण्यात आयुष्य गेलेला माणूस, पण तोही फोटोतच चूक शोधत राहिला.

कोणाच्या भावना हो? ज्यांनी कुऱ्हाड चालवली त्यांच्या? त्यांच्या भावनांना पहिल्या पानावर जागा, आणि दिनेशला नाही? मला त्या दिवशी स्क्रीन फोडावीशी वाटली. खरं सांगते, हातात कप होता, तो भिंतीवर फेकला. सुजातानं काचा गोळा केल्या.

चौकट मी काढून टाकली. मागे नाही टाकली, काढूनच टाकली. मग आईंना ते पान दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. फोटोवर अंगठा ठेवून म्हणाल्या, याच्या वरतं काय लिवलं? मी वाचून दाखवलं. ऐकलं, म्हणाल्या, "हे तं मीच बोलली." बस, एवढंच. आज सकाळी फाइल प्रेसला गेली. मी मंडळाची परवानगी घेतलेली नाही. काढायचं असेल मला मंडळातून तर काढा, उद्यापासून काढा, आज नको.

विलासला हे पान बघायला मिळालं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं. फार वाईट वाटतं, यापेक्षा जास्त मला बोलता येत नाही.

आता आपण उभे राहू. एरवी आपण मान खाली घालतो, डोळे मिटतो. आज मिटायचे नाहीत. मी ते पान पडद्यावर लावते आहे. ज्यांना मुलांना बाहेर न्यायचं असेल त्यांनी आत्ता न्या, मी थांबते. त्यात काही कमीपणा नाही. मोठ्यांनी मात्र थांबा. जेवढा वेळ आई बघतील तेवढा वेळ आपण बघू. त्यांनी नजर काढली की मौन संपलं.

विलास, दिनेश, तुम्हा दोघांना मानाचा जय भीम.

आई उभ्या राहिल्यात. उठा.