जॉब अजून गरम आहे

— थंड झाला का म्हणून काय विचारता साहेब, थंड व्हायला वेळ लागतो. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हलतो, या खोक्यावर बसा — थांबा, पुसतो, तेल असेल, पँटला लागलं की घरी बोलणी तुम्ही खाल आणि नाव माझं निघेल. तर काय सांगत होतो — धातू तापला की फुगतो. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही आख्खी गाडी कागदावर काढलीत. पण मशीनवरून उतरवलेला गरम जॉब मापला की मायक्रोमीटर खोटं बोलतो. आत्ता माप बरोबर दिसेल, गार झाला की आक्रसेल, मग बेअरिंग बसेल ढिलं आणि चाक लागेल नाचायला. म्हणून कापायचं, ठेवायचं, थंड होऊ द्यायचं, मग मापायचं. घाई करून चालत नाही. नाही, मी कुठं येरझाऱ्या घालतोय, पान्हा शोधतोय. हातातच आहे? बरं, असू दे.

चहा सांगू? हिनं केला असता, पण ही माझ्याशी बोलत नाही सध्या. म्हणजे बोलते, पण भिंतीला उद्देशून — जेवण झाकून ठेवलंय, असं भिंतीला सांगते, भिंत काही जेवायला बसत नाही, मग मी बसतो. कशावरून? काही नाही हो, असंच. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतं. पंखा लावू का? नको, पंख्यानं कीस उडतो. बरं, लावतो.

गाडी कुठवर आली? अजून तशीच लंगडी? एका बाजूला चाक आणि दुसरीकडं जॅक — माझ्यापायी अडलंय, मला कळत नाही होय. डाव्या चाकाचा हब बघा कसा एका दमात झाला. तुम्ही आलात, मी दिला, तुम्ही नेलात. उजवाच नेमका नखरे करतोय. हा दुसरा आहे, पहिला केला तो टाकला मी — तो काय, भंगाराच्या डब्यात. राहू दे, नका काढू, हात काळे होतील. काढलात? बरं. चकाकतोय खरा. खोट? खोट अशी काही... मनाला पटला नाही. मापून बघता? बघा की. बरोबरच येणार माप, मी कधी म्हटलं चुकलं म्हणून. नाही, तो नाही नेता येणार, कडेला मार बसलाय त्याला, डब्यात पडताना. पडतानाच. मुद्दाम कोण आपटेल साहेब, मला काय वेड लागलंय? ठेवा तो. ठेवा म्हणतो ना.

ठकू काय म्हणाली म्हणालात? "बाबांना विचारा, थंड झाला का" — हेच शब्द? हसत होती? हां. कार्टी. तुमच्याकडं काम करते म्हणून तुम्हाला वाटत असेल साधी आहे, पण माझ्या या मशीनवर वाढलीय ती. माझं मन भरलं नाही की गिऱ्हाइकाला मी सांगायचो, जॉब गरम आहे, उद्या या. गिऱ्हाईक गेलं की ही म्हणायची, बाबा, परवापासून गरमच आहे का हो? तिला या आजाराचं नाव ठाऊक आहे. म्हणून तिनं तुम्हाला हे विचारायला पाठवलंय, आणि तुम्ही आपले भोळे, विचारलंत. काय समजायचं ते ती समजली असेल एव्हाना.

आता बघा, डावा नेलात तेव्हा मला कुठं माहीत होतं गाडीत पहिलं कोण बसणार. मला वाटलं तुम्हीच बसाल. तुमची गाडी, तुमची हौस, तुमची मान — राग नका मानू. मग ठकू जेवताना म्हणाली, पहिली फेरी मी मारणार. भाजी वाढ म्हणावं इतकं सहज. तिच्या आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले, कौतुकानं. आणि मी उठलो, ताटात अर्धी भाकरी तशीच, म्हटलं हात धुतो. तेव्हापासून भिंत आणि मी जेवतोय.

कशाला घाबरायचं म्हणता. ब्रेक बिघडला तर ब्रेकवाल्याला धरता येईल, सांधा सुटला तर वेल्डरला. चाक निखळलं तर कुणाला धरू? लोकांसाठी माझ्या हाताची मला खात्री आहे हो, किती लोक फिरताहेत माझ्या जॉबवर, मी निवांत झोपतो. तिच्यासाठी खात्री नाही. हात तोच, मशीन तेच, माप तेच, आणि खात्री नाही — याला काय म्हणायचं? भीती वाटते मला. झालं, बोललो. इतके दिवस घरात नाही बोललो ते तुमच्यापुढं बोललो, तुम्ही कोण, कुठले.

अहो, हात नका लावू, भाजेल —

लावलात.

गार आहे. हो. कालपासून गार आहे. परवापासून म्हणा. असं बघू नका माझ्याकडं.

न्या. फडक्यात गुंडाळा, हे घ्या, धुतलेलं आहे. डिकीत नका टाकू, मांडीवर ठेवा. आणि तिला सांगा, हळू चालव — नको, ते नका सांगू, त्या गाडीत बसून हळू कोण चालवतंय. बेअरिंग तेवढं तिला स्वतःला बसवू दे. कुठं अडलं, कुठं सैल वाटलं, तिच्या हाताला कळेल, माझ्यापेक्षा लवकर कळतं तिला. परत पाठवलं तर मी पुन्हा करीन, कितीदाही. आणि एवढंच सांगा, बाबा म्हणाले जॉब थंड झाला. तिला कळेल.

मी? नाही येणार बघायला. कामं पडलीत. हे काय, मशीन चालू करतोय. जॉब? लावला नाही अजून. फिरू दे रिकामं, आवाज असला की बरं वाटतं. तुम्ही निघा, आणि जाताना दार ओढून घ्या.