डाव्या कानामागे

(सुरतेतल्या एका हेलिकॉप्टर कंपनीची हेल्मेटची खोली. नूतन इथे उड्डाणाची हेल्मेटं तपासते आणि ज्याच्या-त्याच्या डोक्याला बसवून देते. वाल्मिक हेलिकॉप्टरच्या दारात बसून माणसं दोराने खाली-वर करतो; मूळचा खानदेशातला, घरी अहिराणी बोलतो.)

नूतन : पण ही पट्टी कोणी लावली, वाल्मिकभाऊ?

वाल्मिक : कोनती?

नूतन : ही चमकणारी. डाव्या कानामागे. बाकीच्या माझ्या हातच्या आहेत, ही नाही.

वाल्मिक : मीच लावली. जुनी निघाली होती. सही करा ताई, दुपारी समुद्रावर जायचंय.

नूतन : तिथे जुनी नव्हतीच. घाला बरं डोक्यात.

वाल्मिक : आता हे कशाला?

नूतन : घाला. कपाळावर टेकलंय, खाली उतरत नाही. मानेमागचा पट्टा आवळलाय कोणीतरी. मागच्या तपासणीला मीच बसवून दिलं होतं. डोकं लहान झालं का तुमचं?

वाल्मिक : तुमच्याच खोलीत कोनी हात लावला असंल. चावी काय एकट्या तुमच्याकडं असते का?

नूतन : हेल्मेट शनिवारपासून तुमच्या घरी आहे. उशिरा उतरलात, खोली बंद होती, घरी नेतो म्हणून फोन तुम्हीच केलात.

वाल्मिक : मंग पिशवीत आवळलं असंल आपोआप.

नूतन : आपोआप.

वाल्मिक : असं बघू नका ताई. श्रीरंगसाहेबांनी सांगितलंय का तुम्हाला, या वाल्मिकवर डोळा ठेवा म्हनून?

नूतन : मी हेल्मेटवर डोळा ठेवते, त्याचाच पगार मिळतो. काढा ते. आतली गादी सोडवते. हा केस कोणाचा?

वाल्मिक : घरात बायामानसं आहेत. उडून आला असंल.

नूतन : उडून शिवणीत शिरला? एवढा लांब? आणि गादीला शाम्पूचा वास येतोय. तुम्ही डोक्याला खोबरेल थापता, ते तर दारातूनच कळतं आम्हाला. पट्टी काढतेय मी.

वाल्मिक : नका काढू.

नूतन : का?

वाल्मिक : नका काढू म्हटलं ना. मी नीट लावलीय.

नूतन : नीटच लावलीय. चीर बरोबर झाकली. हिच्यासकट तुम्ही दारात बसणार होतात? चौकटीवर डोकं आपटून तुम्ही बेशुद्ध पडलात, तर खाली दोरावर लटकलेल्या माणसाने कोणाकडे बघायचं? कोणी पाडलं हे?

वाल्मिक : पाडलं नई कोनी.

नूतन : मग?

वाल्मिक : दार लावून घ्या आधी. आमची हर्षदा, मोपेडवर कामरेजला कामाला जाते ना. तिचं हेल्मेट पार्किंगमधून कोनी उचललं. इथं नाक्यानाक्यावर पोलीस. मी म्हटलं, हे घाल बेटा, हेलिकॉप्टरचं आहे, याच्यापुढं रस्त्यावरचं काय टिकनार. मीच घातलं तिच्या डोक्यात. पट्टाही मीच आवळला.

नूतन : आणि पडली.

वाल्मिक : घसरली म्हने रेतीवर. काल संध्याकाळी, नवागामच्या वळनावर. काई नई झालं तिला, कोपर खरचटलं जरासं. हेल्मेटला एवढासा ओरखडा. म्हटलं पट्टीखाली जाईल झाकून. कंपनीचं हेल्मेट पोरीनं मोपेडवर घातलं, हे साहेबाला कळलं तर घरी बसवतील हो मला.

नूतन : थांबा. इथे अंगठा दाबा. आतल्या फोमवर. आता उजव्या बाजूला दाबा.

वाल्मिक : इकडं कडक आहे. तिकडं खड्डा लागतोय.

नूतन : हा फोम एकदाच दबतो. मार स्वतःवर घेतो आणि तसाच राहतो. एवढा दबलाय, म्हणजे ती नुसती घसरली नाही. डोक्यावर आपटली.

वाल्मिक : पन हसत होती ताई. माझ्यासमोर हसत होती.

नूतन : रात्री जेवली?

वाल्मिक : मळमळतं म्हनाली. तिच्या मायला वाटलं, बाहेरचं काई खाल्लं असंल.

नूतन : वाटलं म्हणजे? पडली ते मालतीबाईंना माहीत नाही?

वाल्मिक : नई सांगितलं. आम्ही बाप-लेकीनं ठरवलं, गप बसायचं. ती माझ्या नोकरीसाठीच गप बसली.

नूतन : आणि आज सकाळी?

वाल्मिक : डोकं दुखतं म्हनून रजा टाकली. मी निघालो तवा झोपेल होती. ताई, तुम्ही हे वर कळवनार का?

नूतन : कळवणार. हे हेल्मेट आता कोणाच्याच डोक्यावर जाणार नाही आणि तुम्ही आज उडणार नाही. पण ते मागाहून. आधी घरी फोन लावा.

वाल्मिक : तुम्ही उगी घाबरवता मला.

नूतन : घाबरा. लावा फोन.

वाल्मिक : हॅलो, हर्षदानी माय. पोर ऊठनी का? ... ताई, झोपलीय म्हनते. चहाला दोनदा हाक मारली, हूं केलं आन परत झोपली. झोपू द्या म्हनते, बरं वाटंल.

नूतन : झोपू द्यायचं नाही. लगेच उठवायचं, नाही उठली तर रुग्णवाहिका बोलवायची. उठली तरी मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि डोक्याला मार लागलाय म्हणून सांगायचं. त्यांना खरं सांगा. मी सांगू का?

वाल्मिक : नको. मीच सांगतो. हर्षदानी माय, आयक. पोर काल पडनी व्हती, डोकावर. मन्हाच सांगावरून गप बसनी ती. उठाड तिले.